निर्दोष माणसाचा शोध : एका मोजपट्टीचा इतिहास

वाचकहो, १९२७ या वर्षात चार गोष्टी घडल्या. त्या वेगवेगळ्या ठिकाणी घडल्या, पण शेजारी ठेवून पाहिल्या की एकाच गोष्टीच्या चार बाजू वाटतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातील कॅरी बक या तरुण मुलीची सक्तीने नसबंदी करण्यास परवानगी दिली. ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी अशा तिन्ही पिढ्या मंदबुद्धी आहेत, असे कारण न्यायालयापुढे मांडले गेले होते. त्याच वर्षी बर्लिनमध्ये मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या अभ्यासासाठी कैसर विल्हेल्म संस्थेचे एक मोठे केंद्र उघडले. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. आणि ज्यांच्या कादंबऱ्यांवर आपल्या आई-आज्यांची पिढी पोसली, त्या ना. सी. फडके यांचे ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. भारतात सुप्रजननाची चळवळ उभी राहावी, ही त्या पुस्तकाची उघड मागणी होती. त्याला प्रस्तावना होती अमेरिकेच्या मार्गारेट सँगर यांची.

मी मंडीदीपमध्ये दवाखाना चालवणारा होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण या चार गोष्टींपासून निघालेली वाट माझ्या दवाखान्यापर्यंत, आणि मला वाटते, तुमच्या बैठकीच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचलेली आहे. म्हणून हा विषय घेतला.

सुप्रजनन या कल्पनेला इंग्रजीत नाव दिले फ्रान्सिस गाल्टन यांनी, १८८३ साली. ते चार्ल्स डार्विन यांचे आतेभाऊ-मामेभाऊंपैकी. त्यांचा विचार वरवर अगदी साधा होता. शेतकरी चांगले बियाणे राखतो, घोडे पाळणारा जातिवंत घोडा निवडतो, मग माणसाने आपल्या वंशाबाबत एवढे अजागळ का राहावे? उत्तम माणसांना जास्त मुले व्हावीत, निकृष्ट माणसांना कमी व्हावीत किंवा होऊच नयेत, की काही पिढ्यांत मानवजात सुधारेल. ऐकणाऱ्याला हे पटते. त्यातली मेख एवढीच, की उत्तम कोण आणि निकृष्ट कोण हे ठरवणारा माणूस स्वतःला नेहमी पहिल्या रांगेत बसवतो.

फडके यांना आज हसणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ती पिढी प्लेगच्या साथीत जन्मली, १९१८ च्या इन्फ्लुएंझात तिने घरेच्या घरे ओस पडलेली पाहिली. बालविवाह होत होते, बाळंतपणात मुली मरत होत्या, जन्मलेल्या मुलांपैकी कितीतरी वर्षाच्या आत जात होती. देश गुलाम होता आणि आपला समाज शरीराने खंगलेला आहे ही बोच सुशिक्षितांच्या मनात होती. अशा वेळी विज्ञान जर म्हणत असेल की सशक्त प्रजा घडवता येते, तर कोणाला मोह पडणार नाही? फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. प्राचीन हिंदू विवाहनियमांतही सुप्रजननाची दृष्टी होती, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे पश्चिमेकडून आलेली मोजपट्टी आपल्या घरातल्या जुन्या मोजपट्टीला जोडून घेतली गेली. गोत्र, जात, कुळ, वर्ण यांना प्रयोगशाळेची मोहर मिळाली.

रघुनाथ कर्वे संततिनियमनाचेच काम करीत होते, १९२१ पासून मुंबईत केंद्र चालवत होते. पण त्यांचा भर निराळ्या ठिकाणी होता. बाईला मूल हवे की नको हे तिने ठरवावे, तिच्या शरीराची हेळसांड थांबावी, यासाठी त्यांनी नोकरी घालवली, खटले सोसले, आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत मासिक चालवले. साधन तेच होते. त्या साधनाने बाईची सुटका करायची, की समाजाची निवडणी-टिपणी करायची, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यासमोर आहे.

आता बर्लिनकडे वळू, कारण याच कर्वे घराण्यातली एक सून तिथे गेली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्या पत्नी, रघुनाथरावांच्या भावजय, इरावती कर्वे. ‘युगान्त’मुळे आपण त्यांना ओळखतो. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगन फिशर, वर सांगितलेल्या केंद्राचे संचालक. त्यांचे गृहीत असे होते की, गोऱ्या युरोपीय माणसांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत एक ठरावीक फरक असतो, तो त्यांच्या वरचढ बुद्धीची खूण आहे, आणि इतर वंशांत तो तसा आढळणार नाही. इरावतीबाईंनी मोजायच्या होत्या त्या कवट्याच. काही जर्मनीतल्या माणसांच्या होत्या, काही जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्या. जिवंतपणी त्या माणसांना कोणी काही विचारले नव्हते, मेल्यावरही नाही.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. आणि निष्कर्ष लिहिला की, वंश आणि कवटीची असममिती यांचा काही संबंध दिसत नाही. डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी नसणे हे साऱ्याच माणसांत आढळते. प्रबंधाच्या नावातच ‘सामान्य असममिती’ असा शब्द आहे. सामान्य म्हणजे सर्वांना असणारी. विशी ओलांडलेली, परदेशात एकटी, मार्गदर्शकाच्या कृपेवर पदवी अवलंबून असलेली एक मराठी मुलगी त्याच मार्गदर्शकाला आकड्यांनिशी सांगत होती की तुमचे गृहीत चूक आहे. तिला पदवी मिळाली, गुण मात्र अगदी कमी मिळाले.

वाचकहो, हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. विज्ञानाच्या नावाने जे चालले होते त्याला उत्तर विज्ञानानेच दिले. तोच कॅलिपर, त्याच कवट्या. फरक एवढाच, की फिशर यांच्याकडे उत्तर आधी होते आणि मोजणी नंतर. इरावतीबाईंनी आधी मोजले. म्हणून या निबंधात मी विज्ञानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार नाही. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनीही महाराष्ट्रातल्या जातीजातींच्या माणसांची डोकी, नाके, उंची मोजली. मोजण्यात पाप नाही. मोजून माणसांची उतरंड लावण्यात आहे.

ती उतरंड पुढे कुठे पोहोचली ते जगाला ठाऊक आहे. १४ जुलै १९३३ रोजी जर्मनीत आनुवंशिक रोग्यांची संतती रोखण्याचा कायदा झाला. सुमारे ४ लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत ७०,००० हून अधिक मनोरुग्ण आणि अपंग माणसे विषारी वायूने मारली गेली. हे काम करणारे गुंड नव्हते. पांढरे कोट घातलेले डॉक्टर होते, कागदपत्रे व्यवस्थित भरणारे होते. माझ्या पेशातल्या प्रत्येकाने हे वाक्य वर्षातून एकदा तरी वाचावे. आणि कॅरी बक? नंतरच्या संशोधनात दिसून आले की ती मंदबुद्धी नव्हतीच. तिची मुलगी शाळेत हुशार मुलांच्या यादीत आली होती.

इकडे १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी एक भाषण लिहिले. मंडळाला ते झेपले नाही, अधिवेशनच रद्द झाले, आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. जातिव्यवस्था म्हणजे वंशशुद्धी राखण्याची शास्त्रीय सोय, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी त्यात उत्तर दिले आहे. त्यांचा मुद्दा असा : जातीने खरोखर वंश सुधारत असता, तर इतक्या शतकांनंतर इथे अतिमानव दिसायला हवे होते. प्रत्यक्षात दिसते ती खुजी आणि अशक्त प्रजा, जिच्यातली बहुतेक माणसे सैन्यात घेण्याजोगी नाहीत. फडक्यांच्या पिढीने जी जुनी मोजपट्टी नव्या मोजपट्टीला जोडली होती, तिचा सांधा या एका युक्तिवादाने निखळतो.

स्वातंत्र्यानंतर सुप्रजनन हा शब्द मागे पडला, विचार मात्र वेश बदलून राहिला. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. पण कायद्यावाचूनही काय अडले? १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. ज्यांना उचलून नेले गेले त्यांत गरीब, दलित, आदिवासी, मुसलमान किती होते हे त्या पिढीच्या आठवणींतून कळते. प्रश्न लोकसंख्येचा होता असे म्हणतात. पण कोणाची मुले जास्त झाली आहेत, हे ठरवणारे आणि ज्यांच्यावर सुरी चालली ते, वेगवेगळ्या घरांतले होते.

फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर येथील सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आले आणि त्यांच्यापैकी ११ जणींची गर्भाशये काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणे कठीण जाते, हे कारण सांगितले गेले. महिला संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. कोणी क्रूर हेतूने हे केले असे मी म्हणत नाही. सोय म्हणूनच केले गेले. पण सोय कोणाची? रोग त्या मुलींच्या गर्भाशयात नव्हता. त्यांची देखभाल करायला माणसे पुरेशी नव्हती, आणि त्यावरचा उपाय त्यांच्या शरीरावर केला गेला.

आता घराच्या आत येऊ. इथे सरकार नाही, फिशर नाही, आपणच आहोत. १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गर्भजल तपासणी सुरू झाली. हेतू स्वच्छ होता, गर्भातले आनुवंशिक दोष वेळीच ओळखायचे. थोड्याच वर्षांत लोकांच्या लक्षात आले की याच तपासणीत मुलगा की मुलगी हेही कळते. मग मुंबईत जाहिराती लागल्या, आज काहीशे रुपये खर्च करा आणि उद्याचे हुंड्याचे लाखो वाचवा, अशा अर्थाच्या. दोष शोधायला आणलेल्या यंत्राने आपल्याला जो दोष सापडवून दिला, तो म्हणजे मुलगी.

मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी १९८६ पासून याविरुद्ध चळवळ चालवली, आणि १९८८ मध्ये असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला. कायदा आधी आणि आकडे वाईट, असा हा उलटा हिशेब आहे. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. आपल्या मध्य प्रदेशातही २००१ मध्ये ९३२ होत्या, त्या २०११ मध्ये ९१८ झाल्या.

एक आकडा मला माझ्या समाजाबद्दल सांगायचा आहे. २००१ च्या जनगणनेत धर्मवार आकडे आले, तेव्हा जैनांमध्ये हजार मुलांमागे मुली होत्या ८७०. देशाची सरासरी होती ९२७. ज्या घरांत पाणी गाळून पितात, सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, मुंगी चिरडू नये म्हणून वाट पाहून चालतात, त्या घरांचा हा आकडा. साक्षरतेत जैन समाज देशात सर्वांत वर. म्हणजे अज्ञान हे कारण नाही, गरिबी हे कारण नाही. ज्यांना सोनोग्राफीचे पैसे परवडतात आणि अहवाल वाचता येतो, त्यांनीच निवडले. हे लिहिताना हात जड होतो, पण दुसऱ्यांच्या घरातली धूळ दाखवायची आणि आपल्या उंबऱ्याशी थांबायचे, हे व्याख्यानमालेत शोभत नाही.

माझ्या दवाखान्यातही मुलगा होण्याचे औषध मागायला माणसे येतात. मी सांगतो की असे औषध कोणत्याही पद्धतीत नाही. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच ठरते, आणि ते बापाकडून ठरते. हे ऐकल्यावर सासूबाई क्षणभर मुलाकडे पाहतात, सुनेकडे पाहायचे थांबतात. तेवढाही फरक पुरेसा आहे.

भोपाळच्या आसपास राहणाऱ्यांना या मोजपट्टीचा आणखी एक अनुभव आहे. १९८४ च्या डिसेंबरात ज्या कारखान्याच्या वायूने हजारो माणसे मारली, तो पिकांवरचे कीटकनाशक बनवत होता. त्या रात्रीनंतर जी मुले-मुली वाढली, त्यांची लग्ने ठरताना स्थळ कोणत्या वस्तीतले हे विचारले जाऊ लागले. गॅसवाल्या वस्तीतली मुलगी म्हटले की बोलणी थांबायची, संतती कशी होईल या भीतीने. श्वास त्यांनी घेतला तो इतरांच्या हलगर्जीपणाचा, आणि सदोष ठरल्या त्या मुली. माणसाला निर्दोष बनवण्याच्या ध्यासाची हीच चाल असते. चूक समाजाच्या हातून घडते, आणि तपासणी पीडिताच्या शरीराची होते.

यावर सुज्ञ वाचक विचारतील, मग रोग टाळायचाच नाही का? टाळायचा. सिकलसेलचे उदाहरण घेऊ. विदर्भात आणि आपल्या राज्याच्या आदिवासी पट्ट्यात हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या मुलांना छळतो. हाडे दुखतात, रक्त कमी होते, लहान वयात जीव जातो. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी करून कार्डे देतात, लग्नाआधी सल्ला देतात. हे काम मला आवश्यक वाटते. पण याच आजारात निसर्गाने एक धडाही ठेवला आहे. सिकलसेलचे जनुक आई आणि बाप या दोघांकडून आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस बहुधा धडधाकट असतो आणि घातक मलेरियापासून त्याचा बचाव होतो. ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये हे दाखवून दिले. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणून उपटून टाकायला निघालो, त्यानेच मलेरियाच्या जंगलात कितीएक पिढ्या जगवल्या. निर्दोष बियाणे निवडणाऱ्या गाल्टनच्या शेतकऱ्याने हे जनुक पहिल्याच वर्षी फेकून दिले असते.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. समोर नवी तपासणी, नवे इंजेक्शन, नवे तंत्र आले की विचारतो : यातून दुःख कमी होणार आहे की माणूस? ज्याच्या शरीरावर हे होणार त्याने हो म्हटले आहे का? आणि चांगले काय, हे ठरवणारा आणि भोगणारा एकच आहे का? सिकलसेलचा सल्ला या कसोटीला उतरतो, जोवर त्या कार्डावरून कोणाला हिणवले जात नाही तोवर. शिरूर उतरत नाही. सोनोग्राफीच्या खोलीतली कुजबुज उतरत नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमध्ये हे जियानकुई या शास्त्रज्ञाने जाहीर केले की त्यांनी गर्भाच्या जनुकात बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्या आहेत. एड्सच्या विषाणूपासून त्यांचे संरक्षण व्हावे, असा हेतू सांगितला. जगभरातल्या शास्त्रज्ञांनीच त्याचा धिक्कार केला आणि पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवास झाला. पण दार उघडायची किल्ली सापडली आहे. उद्या हे तंत्र स्वस्त होईल, कायदेशीरही होईल. तेव्हा त्याचे गिऱ्हाईक कोण असेल? आपल्याच स्थळाच्या जाहिराती काढून पाहा. गोरी, उंच, सडपातळ, चष्मा नसलेली, उच्चशिक्षित. यादी तयार आहे, यंत्राचीच वाट आहे.

माझ्या परंपरेतला एक विचार इथे सांगावासा वाटतो. जैन कर्मशास्त्राने शरीराच्या आकाराचे सहा प्रकार मानले आहेत, त्यांना संस्थान म्हणतात. पहिले समचतुरस्र, म्हणजे सर्व बाजूंनी सारखे, प्रमाणबद्ध. शेवटचे हुंडक, म्हणजे बेढब, वेडेवाकडे. तीर्थंकरांचे शरीर समचतुरस्र असते असे सांगितले आहे, आणि आपल्या मूर्तीही तशाच घडवतात. पण त्याच शास्त्रात हेही आहे की, केवलज्ञान झालेल्या जीवाला सहांपैकी कोणतेही संस्थान असू शकते. हुंडकसुद्धा. म्हणजे ज्यांनी आकारांची इतकी बारीक वर्गवारी केली, त्यांनी ज्ञानाचे दार मात्र आकारावर बंद केले नाही.

इरावतीबाईंचा प्रबंध आणि ही जुनी वर्गवारी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्हीकडे माणसाला आधी मोजले आहे, आणि मग मोजमापाचा त्याच्या योग्यतेशी संबंध नाही असे लिहिले आहे. यापेक्षा वेगळे काही मला सांगायचे नाही. आता पुन्हा कधी घरात स्थळाचा कागद येईल, कोणी गर्भवती सून तपासणीला निघेल, नातवाच्या उंचीची, रंगाची, गुणांची तुलना सुरू होईल, तेव्हा एकदा आरशात नीट पाहा. तुमच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीसारखी नाही. माझीही नाही.